राणीचा काचमहाल

आमच्या यांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही, तोंडावर सांगते. त्यावर ते म्हणतात, "बघवत नाही कसं? चांगलं निरखून बघतो की." तेही खोटं नाही. समोरच्या चपलांच्या दुकानाने नवीन पाटी लावली तेव्हा हे हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून गेले, पाटीचे चारही कोपरे न्याहाळले, एक स्क्रू तिरका सापडला, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. माणूस वाईट नाही. कुणाचं वाकडं करायला जात नाहीत, फक्त कुणाचं चांगलं झालं की यांच्या पोटात दुखतं. आणि त्या दुखण्याचं मूळ विचाराल तर एकच, यांचा धाकटा भाऊ.

आमचं काचेचं दुकान आहे. शटर उघडलं की समोर लांबलचक टेबल, त्यावर जुनी घोंगडी अंथरलेली, भिंतीला ओळीने टेकलेल्या काचा. मी मापं लिहून घेते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण यांनी गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे गिऱ्हाईक जायचं. काम मात्र यांचं देखणं. काच कापायचा हिरा असा फिरवतील की रेघ दिसायच्या आधी काच वेगळी झालेली असते. आरसे, शोकेस, माशांच्या टाक्या, काय म्हणाल ते. हा हात सासऱ्यांनी शिकवला, दोन्ही मुलांना एकाच टेबलावर. आणि शिकवता शिकवता एकदा चार लोकांच्या देखत म्हणाले, "थोरला मेहनती आहे, पण हात बारक्याचा हलका." झालं. त्या वाक्याला किती वर्षं झाली कोण जाणे, यांच्या पोटातून ते अजून उतरलेलं नाही.

बरं, तो हलक्या हाताचा बारक्या, म्हणजे आमचे भाऊजी, धंद्यात राहिलेच नाहीत. काचेची धूळ सोसेना म्हणून पार्सलच्या गोदामात नोकरीला लागले. हे दुकानात राहिले, कष्ट काढले, नाव कमावलं. आणि म्हातारपणी बाबा राहायला कुणाकडे गेले? बारक्याकडे. म्हणे तिथे जिना कमी आहे. मी पायऱ्या मोजल्या नाहीत, पण मला काही तो जिना कमी वाटत नाही. माझंही सांगते, लपवायचं काय त्यात. जाऊबाईंनी फोनवर "बाबांनी आज दोनदा मागून घेतलं हं" असं म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नवऱ्याला नावं ठेवते खरी, पण एका माळेचे मणी आहोत आम्ही.

तर या घरात अजगर कसा आला ते सांगायला हवं.

एक पाळीव प्राण्यांचा दुकानदार आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या सगळ्या टाक्या यांनीच केलेल्या. तो दुकान लहान जागेत हलवणार होता. सामान उचलायला म्हणून हे गेले, सोबत भाऊजींना नेलं. तिथे त्याने दोन पिल्लं दाखवली, बॉल पायथनची. म्हणजे अजगरच, पण छोट्या जातीचा. विष नाही, फुसफुस नाही, घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करून बसतो, म्हणून ते नाव. दोघी माद्या, एकाच खेपेच्या अंड्यांतल्या, सख्ख्या बहिणी. "तुमच्या कामावर मी खूश आहे, दोघं एकेक घेऊन जा, निवड आधी तुमची," दुकानदार म्हणाला. यांना जनावरांची आवड शून्य. पण निवडायचा पहिला मान आपला आहे म्हटल्यावर हे लगेच वाकून बघायला लागले. एकीच्या अंगावर सोनेरी पट्टे होते, मानेवर खडूने पुसल्यासारखा फिकट डाग. दुसरी मळकट, विटलेल्या तपकिरी रंगाची. यांनी सोनेरी उचलली आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं राणी. उरलेली भाऊजींच्या पदरात पडली. जाऊबाईंनी तिला नाव ठेवलं ठमी.

दुकानदाराने दारात उभं राहून दोघांना सगळं समजावलं. भाऊजींनी तेच मला नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत. या प्राण्याला ऐसपैस जागा नको असते, अडचण हवी असते. अंग दोन्ही बाजूंनी टेकलं की त्याला वाटतं, चला, आता मला कुणी उचलून खाणार नाही. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे लपायला अंधारी खोपटी, हवेत थोडा ओलावा. खायला आठवड्याने एक गोठवलेला उंदीर, गरम पाण्यात नीट सैल करून, आणि तोही तिच्या अंगाच्या जाडीएवढाच. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर टाकते. भाऊजी मान डोलावत ऐकत होते. आणि हे? हे म्हणे त्या वेळी दुकानाच्या दाराची काच कुणी बसवली याचा विचार करत होते, कारण ती यांनी बसवलेली नव्हती.

घरी आल्यावर यांनी राणीसाठी काचमहाल बांधायला घेतला. तो बघायला हवा होता तुम्ही. चारी बाजूंनी जाड काच, कडा घासून पाण्यासारख्या केलेल्या, सांध्यांमधलं सिलिकॉन शोधूनही सापडू नये. वर दिवा. आणि मागच्या बाजूला अख्खा आरसा, म्हणजे राणी दोन्हीकडून दिसेल. दिवाणखान्यात दारासमोर ठेवला. येणारा माणूस आधी आ वासायचा, मग विचारायचा, "साप कुठे आहे?" साप पाण्याच्या वाटीमागे जमेल तेवढा अंग चोरून बसलेला असायचा.

भाऊजींनी काय केलं? गोदामातला झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला, ज्यात लोक हिवाळ्याचे कपडे ठेवतात तसला. तापलेल्या सळईने कडेला भोकं पाडली. एका टोकाखाली गरम होणारी चटई, तिला तापमान सांभाळणारं यंत्र. आत दोन कुंड्या उपड्या घातल्या, दोन्हींची कड थोडी फोडून दार केलेलं, आणि एका कुंडीखाली ओलं शेवाळ. हा सगळा डामडौल कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, अंधारात. हे बघून आले आणि हसता हसता यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजगर ठेवलाय का लोणचं घातलंय?" म्हणाले. तो एवढा एकच दिवस असेल, ज्या दिवशी भावाच्या घरून हे सुखाने परत आले.

राणीने सुरुवातीला दोनदा खाल्लं. मग बंद केलं.

पहिल्यांदा आम्ही मनावर घेतलं नाही. ही जात महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते असं दुकानदार म्हणाला होता. पण तिकडे ठमी दर आठवड्याला खात होती, आणि दर आठवड्याला जाऊबाईंचा फोन यायचा. "आमच्या ठमीने आज पण लगेच घेतला हं. तुमची?" तो 'हं' माझ्या कानात काट्यासारखा बसायचा. मी म्हणायची, "आमची जरा निवडून खाते." फोन ठेवला की हे विचारायचे, काय म्हणाली? मी सांगितलं की दोघं मिळून काही वेळ त्या मळकट ठमीला नावं ठेवायचो. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. इथे तर गाय फुगतच चालली होती.

यांनी सगळे उपाय केले, एक सोडून. उंदीर बदलून बघितला, छोटा, मोठा, पांढरा, करडा. लांब चिमट्यात शेपटीला धरून काचमहालात असा नाचवायचे, जणू राणीला नाटक दाखवायचंय. राणी डोकं आत घ्यायची आणि चेंडू व्हायची. आरशात दुसरा चेंडू. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा यांनी तिला तोलायला पळवला, तो मी परत घेतला नाही. दर वेळी काटा थोडा खाली. तिच्या पाठीचा कणा वरून दिसायला लागला, कातडी गळताना तुकड्या-तुकड्यांनी गळली. दुकानदार एकदा येऊन बघून गेला. "काम फार सुंदर आहे," म्हणाला, "पण हिला सगळीकडून उजेड लागतोय. काच झाका, आरसा काढा, आत दोन खोपटी ठेवा."

तो गेल्यावर मी माझी जुनी शाल काढून तिन्ही बाजूंनी टाकली. हे दुकानातून आले आणि बूट काढायच्या आधी शाल ओढून काढली.

"झाकायचीच असती तर लाकडाची पेटी केली नसती का?" म्हणाले.

"ती मरेल अशाने."

"काचेत ठेवून कुणी मरत नाही. सगळ्या जगाच्या टाक्या काचेच्या आहेत."

"मग भाऊजींची का खाते?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. त्यांनी शालीची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आतल्या खोलीत निघून गेले. खरं काय ते त्यांनाही कळत होतं. पण शाल टाकायची म्हणजे बारक्याच्या डब्यासमोर नाक घासायचं, आणि त्यापेक्षा यांनी स्वतःचं नाक कापून दिलं असतं.

पुढे काय झालं ते ऐका. जाऊबाईंची आई आजारी पडली. भाऊजी, जाऊबाई आणि बाबा, सगळेच दोन दिवस तिकडे गेले. जाताना किल्ली आमच्याकडे दिली. "ठमीला फक्त पाणी बघ दादा, खायला कालच दिलंय आठवड्याचं," भाऊजी म्हणाले. यांनी किल्ली अशी घेतली जशी कुणी जड वस्तू हातात दिली आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी दुकानातून जेवायला घरी आले तर काचमहालात एक जाडजूड, तकतकीत, मळकट रंगाचा साप वाटीमागे मावायची धडपड करत होता. माझ्या उशीचा एक अभ्रा जमिनीवर चुरगळून पडलेला, दुसरा गायब. साप न्यायचा तर उशीच्या अभ्र्यात गाठ मारून न्यायचा, हेही दुकानदारानेच सांगितलेलं. एवढं एक बरं यांच्या लक्षात राहिलं.

हे खुर्चीत बसले होते.

"अहो, ही ठमी आहे," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"माझे डोळे म्हणतात. एक लाटणं, एक काडी. भाऊजींना काय मोतीबिंदू झालाय?"

"त्याचं कुठे लक्ष असतं. साप तो साप." मग म्हणाले, "ही आता इथे खाईल. सगळ्यांना कळेल दोष काचेचा नव्हता, त्या सापाचाच होता."

"आणि राणी?"

त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती जगत नाही. मरायचीच आहे तर तिकडे मरू दे. माझ्या घरात कशाला? त्याच्या हातून काही गेलं असंही एकदा होऊ दे की."

इतकी वर्षं मी या माणसाच्या जळफळाटावर हसत आले. त्या दिवशी हसू आलं नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिला परत आणा. ते उठले नाहीत. मी स्वतः जायला निघाले तर किल्ली त्यांच्या खिशात, आणि खिशावर त्यांचा हात.

भाऊजी परत आले. आम्ही फोनची वाट बघत होतो. हे तर दर घंटीला दचकायचे. फोन आला तो बाबांच्या चष्म्याबद्दल. दुसरा आला तो जाऊबाईंच्या आईला बरं वाटतंय म्हणून. सापाबद्दल अक्षर नाही. जाऊबाईंचा तो आठवड्याचा फोनही बंद झाला. पहिल्या आठवड्यात हे खूश होते. "बघ, ओळखलंही नाही." दुसऱ्या आठवड्यात चिडले. "आपलं जनावर बदललं हेसुद्धा कळू नये माणसाला? काय लक्ष म्हणायचं हे?" भावावर रागवायला यांना कुठलंही निमित्त चालतं, पण स्वतः चोरी करून त्याच्या बेसावधपणावर रागावणारा माणूस मी हा पहिलाच पाहिला.

आणि इकडे ठमीने खाणं सोडलं. सोडणारच. हे उंदीर नाचवायचे, ती चेंडू व्हायची. त्याहून वाईट म्हणजे ती फिरायला लागली. अंधाराची सवय असलेलं जनावर ते. दिवसभर काचेच्या कडेकडेने, आरशाला नाक लावून, कुठे फट सापडते का बघत. यांनी फट ठेवलीच नव्हती. घासून घासून तिच्या नाकाचं कातडं निघालं, लालसर झालं, आणि काचेवर एका उंचीवर ओळीने डाग पडले. हे रोज सकाळी फडक्याने ते डाग पुसायचे. एक दिवस पुसता पुसता थांबले. फडकं तसंच हातात.

"काचेचंच आहे," म्हणाले.

फडकं मी त्यांच्या हातून काढून घेतलं. कधी कधी जिंकल्याचाही आनंद होत नाही.

रविवारी दुपारी आम्ही भाऊजींकडे गेलो. काय सांगायचं हे ठरवलेलं नव्हतं. जाऊबाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. भाऊजी कपाटासमोर जमिनीवर. डबा अर्धा बाहेर ओढलेला, झाकण थोडं सरकवलेलं, हातात चिमटा. उंदीर नाचत नव्हता. कुंडीच्या दारापाशी नुसता धरलेला होता, स्थिर.

कुंडीतून डोकं बाहेर आलं. मानेवर खडूने पुसल्यासारखा डाग. आमची राणी.

जीभ दोनदा बाहेर आली. मग ती थांबली, इतका वेळ की मला वाटलं आता परत जाणार. आणि एकदम झेप. उंदीर तोंडात, अंगाचे वेढे त्याच्याभोवती, डबा एकदाच हलला आणि शांत झाला. भाऊजींनी झाकण लावलं. मी यांच्याकडे बघितलं. आपली मुलगी दुसऱ्याला बाबा म्हणतेय आणि आपण दारात उभे आहोत, असा चेहरा झाला होता.

जाऊबाई आत गेल्या आणि माझा उशीचा अभ्रा घेऊन आल्या. धुतलेला. वर इस्त्रीही केलेली. "तुमचा इथे राहिला होता, ताई," म्हणाल्या. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं, आणि तेवढ्यातही मनात आलं की माझ्याकडे अभ्र्यांना इस्त्री कधी होत नाही.

"आल्या दिवशीच ओळखली," भाऊजी म्हणाले. आवाज अगदी साधा. "पहिले काही दिवस पाण्यापुरतं सोडून झाकणच उघडलं नाही. मग घेतलं तिने. आजचं तिसरं खाणं."

"मग फोन का नाही केलास?" यांनी विचारलं.

"काय बोलणार होतो? तू तोंडाने मागायचा नाहीस दादा, मला माहीत आहे. मला वाटलं ही तुझी मागायची रीत. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा दादाने आपल्यावर काही सोपवलंय, तर आधी नीट करून दाखवू, मग सांगू. हिलासुद्धा सांगितलं, ताईंना फोन करून काही बोलू नकोस."

झालं ते तिथेच मिटलं असतं. यांनी मान हलवली असती तर सगळ्यांचीच लाज राहिली असती. मी मनात म्हणत होते, गप्प बसा, एकदा तरी गप्प बसा. पण भावाने आपल्याला आहोत त्यापेक्षा चांगलं समजावं, हेही यांना सहन होईना.

"मी सोपवली नव्हती," हे म्हणाले. आवाज चढलेला. "मरायला टेकली म्हणून आणून टाकली. तुझ्याकडे मरावी म्हणून. तुझ्या नावावर जावी म्हणून. कळलं?"

बाबांनी गुडघ्यांवरचे हात उचलले आणि परत ठेवले. जाऊबाई माझ्याकडे बघेनात.

"हळू बोल," भाऊजी म्हणाले. "आत्ताच खाल्लंय तिने." आणि डबा दोन्ही हातांनी, धक्का लागू न देता, आत सरकवला. मग उभे राहिले. तेव्हा कुठे त्यांच्या तोंडावर काळजी दिसली. "आणि माझी? ठमी खाते ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "नाही भाऊजी. नाक घासून घेतलंय तिने."

"काचेतच ठेवलीत तिला?"

त्यांनी सरळ माळ्यावरून दुसरा डबा काढला, आत एक कुंडी टाकली, चपला घातल्या. वाटेभर पुढे भाऊजी, मागे हे, त्यांच्या मागे मी. घरी आल्यावर भाऊजींनी काचमहालाकडे बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दादा, काम फार सुरेख झालंय." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर यांना झेपला असता. मग वरचं झाकण काढून ठमीला उचललं, तिचं नाक उजेडाला धरून बघितलं, आणि बराच वेळ तिला हातावर नुसतं वेढे घालू दिलं. डोळे भरले होते त्यांचे. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

ठमीला बरी व्हायला वेळ लागला. दोनदा कातडी गळल्यावर नाक भरून आलं, त्याआधीच ती खायला लागली होती. आता दोघी बहिणी एकाच कपाटात आहेत, वेगवेगळ्या डब्यांत, कारण ही जात एकत्र ठेवायची नसते, शेजार सहन होत नाही. हे ऐकून माझ्या तोंडावर शब्द आले होते, पण मी गिळले. भाऊजी म्हणाले, राणी तुझीच आहे, डबा केलास की घेऊन जा. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो. "प्लास्टिक मी घरात आणणार नाही," हे म्हणाले. काचमहाल दुकानात दर्शनी ठेवलाय, नमुना म्हणून. त्याच्यामुळे दोन कामंही मिळाली.

मात्र दर रविवारी हे भाऊजींकडे जातात. सुरुवातीला नुसते बसायचे. मग भाऊजींनी एकदा न बोलता चिमटा यांच्या हातात दिला. यांनी सवयीने उंदीर नाचवला, राणीने डोकं आत घेतलं. पुढच्या रविवारीही घेतलं. भाऊजी म्हणाले, "नाचवू नकोस दादा, तिला यायचं तेव्हा येईल." यांना मुकाट्याने ऐकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परवा राणीने यांच्या हातून घेतलं. मी दारात होते, सगळं बघितलं. हात स्थिर, श्वास धरलेला, आणि ती झेप. भाऊजींनी यांच्या पाठीवर थाप मारली आणि बाबांना म्हणाले, "बघितलंत? माझ्यापेक्षा पटकन घेतला दादाच्या हातून." बाबा हसले.

घरी येताना हे माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, आज तरी माणूस भरून पावला असेल. आमचा जिना चढताना मध्येच थांबले, कठड्याला हात लावून.

"बारक्याचं तोंड बघितलंस?"

"बघितलं की," मी म्हटलं. "केवढा आनंद झाला होता त्यांना."

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "जरासुद्धा जळला नाही गं तो."